कोणाच्या उंचीवरून?

मैलापूरला कपालीश्वराच्या पंगुनी उत्सवात आठव्या दिवशी त्रेसष्ट शैव संतांची मिरवणूक निघते. देवळाभोवतीच्या चारही माड रस्त्यांवर दुपारपासून मुंगीला शिरायला वाव नसतो. संतांच्या लहान लहान मूर्ती पालख्यांत बसवलेल्या असतात, एकेका पालखीत तिघे-चौघे. मी इथे राहायला आले तेव्हा पालखी समोर आली की लोक हात जोडत. आता हात वर जातात आणि बहुतेक हातांत फोन असतो. कोन सगळ्यांचा एकच, खालून वर. हजारो चित्रफिती निघत असतील, पण तो कॅमेरा एकच आहे असे वाटत राहते.

त्या त्रेसष्टांत कुंभार आहे, शिकारी आहे, मासेमारी करणारा आहे, धोबी आहे आणि ज्याला देवळात पाऊल टाकायची मुभा नव्हती तो नंदनारही आहे. त्यांतल्या मोजक्या संतकवींचे स्वतःचे शब्द उरले आहेत. बाकीच्यांच्या गोष्टी आज सांगितल्या जातात त्या मुख्यतः बाराव्या शतकातल्या शेक्किळारच्या ‘पेरियपुराणम्’वरून, आणि शेक्किळार हा परंपरेने सांगितल्याप्रमाणे चोळ राजाचा मंत्री. म्हणजे कुंभाराची गोष्ट दरबारातून आली. आपल्याकडे ‘भक्तविजय’ लिहिणारा महिपती ताहराबादचा कुलकर्णी, पण चोखामेळा, सोयराबाई, जनाबाई यांचे अभंगही आपल्यापाशी आहेत. त्यामुळे महिपतीचा चोखा आणि चोख्याचा चोखा शेजारी ठेवून वाचता येतात, आणि त्या दोहोंतली फट दिसते. नंदनारच्या बाबतीत ती सोय नाही.

हे आठवायचे कारण म्हणजे ‘ग्रामीण तरुणांनी आपल्या गोष्टी आपणच सांगाव्यात’ हे हल्ली सतत कानावर पडणारे वाक्य. महाराष्ट्रात आणि इथे तमिळनाडूतही गावातल्या मुलामुलींना स्मार्टफोनवर लघुपट करायला शिकवणाऱ्या कार्यशाळा सर्रास भरतात. हेतू चांगला असतो. एक हॉल, तीस-चाळीस मुले, दोन-तीन दिवस. फोन आडवा धरा. एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ऐन मुलाखतीत मामाचा फोन येतो. कोपर छातीशी टेकवा. खिडकीकडे पाठ करून बसलेल्या माणसाला टिपू नका, चेहरा काळा येतो. आवाजासाठी दुसरा फोन त्याच्या खिशात ठेवा. हे सारे उपयोगाचे आहे आणि मुले ते एका सकाळीत शिकतात. मग तिसऱ्या दिवशी सांगितले जाते, आता तुमच्या गावाची गोष्ट सांगा. इथवर शिकवणे तंत्राचे असते. इथून पुढे ते गुपचूप आशयाचे होते, कारण गोष्ट कशाला म्हणायचे हे आधीच ठरलेले असते.

अशा लघुपटांच्या एका स्पर्धेत मी काही वर्षांपूर्वी परीक्षक होते. एका बैठकीत पंचवीसेक लघुपट पाहिले. पहाट, कोंबडा, चूल, डोक्यावर हंडा घेतलेली आजी. मग प्रश्न येतो, पाण्याचा, दारूचा, नाहीतर मुलीच्या शाळेचा. मग एक जागा झालेला तरुण, शेवटी बासरी आणि आभारांची पाटी. वाईट नव्हते एकही, आणि तीच अडचण होती. प्रत्येक लघुपट संपला की आम्ही परीक्षक म्हणत होतो, एवढ्या साधनांत केवढे केले! कौतुक ही आपल्याकडे वरून खाली वाहणारी गोष्ट आहे. कुठल्या दिग्दर्शकाच्या चित्रपटाला आम्ही ‘एवढ्या साधनांत’ म्हणून गुण दिले असते?

मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. साठ-सत्तरच्या दशकांत दलित साहित्य पुढे आले तेव्हा त्याला दोन प्रकारे बाजूला सारले गेले. एक उघड प्रकार, हे साहित्यच नव्हे म्हणण्याचा. दुसरा मऊ होता आणि जास्त काळ टिकला: अनुभव अस्सल आहे हो! ‘अस्सल’ म्हटले की वाक्यरचनेबद्दल, रूपाबद्दल, लेखकाने काय गाळले याबद्दल बोलायची जबाबदारी संपते. शरणकुमार लिंबाळे यांना १९९६ साली ‘दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र’ लिहावे लागले, त्यामागे या मऊ नकाराचा वाटा मोठा आहे. फोनवरच्या लघुपटांचे आज तेच चालले आहे. त्यांच्याबद्दल अहवाल आहेत, वृत्तपत्रांत कौतुकाचे रकाने आहेत. समीक्षा जवळजवळ नाही.

समीक्षा करायची तर पहिली अडचण ‘ग्रामीण तरुण’ या शब्दांपाशीच येते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ (प्रदर्शित २०१४) पाहिलेल्यांना डुकरांमागे धावण्याचा तो लांब प्रसंग आठवत असेल. जब्याचे कैकाडी कुटुंब गावाच्या सांगण्यावरून डुकरे पकडते आहे, गाव तमाशा बघते आहे, आणि बघणाऱ्यांतले तरुण मोबाइलवर त्यांचे फोटो काढताहेत. फोन हातात असलेले ते तरुण ग्रामीणच आहेत. आपल्या गावातली गोष्टच ते टिपताहेत, आणि एखाद्या कार्यशाळेच्या निकषांवर ते कदाचित उत्तीर्णही होतील. जब्याची धडपड नेमकी उलटी आहे. शाळेतल्या शालूने आपल्याला या अवस्थेत पाहू नये म्हणून तो आडोसा शोधतो, बापाच्या हाका ऐकून न ऐकल्यासारखे करतो. त्याला त्या दिवशी जर कुणी म्हटले असते, बाळ, तुझी गोष्ट सांग, तर त्याने काय केले असते हे चित्रपटाच्या शेवटच्या चौकटीत दिसते. त्याने भिरकावलेला दगड थेट आपल्या दिशेने येतो.

मंजुळे स्वतः करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे. अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. म्हणजे शिकवण्याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. शिकूनच ते झाले. पण ‘फँड्री’तून जे कळते ते शिकवणाऱ्यांनी ऐकायला हवे. फोन गावात केव्हाच पोचला आहे. तो गावाच्या कुठल्या अंगाला आहे आणि त्याचे तोंड कुणाकडे आहे, हा प्रश्न उरतो.

हा प्रश्न फार आधी आणि फार स्पष्टपणे विचारला तो समीक्षकांनी नाही. बिदरहून तासाभराच्या अंतरावर, पूर्वीच्या निजामी मुलखात, जहीराबाद आहे. आता तेलंगणाच्या संगारेड्डी जिल्ह्यात मोडते. तिथल्या पस्तापूर गावातून काम करणाऱ्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीने नव्वदच्या दशकात गावच्या दलित शेतकरी बायकांना व्हिडिओ कॅमेरा शिकवायला सुरुवात केली. संस्थेच्या संस्थापकांपैकी एक पी. व्ही. सतीश (त्यांचे २०२३ साली निधन झाले) पूर्वी दूरदर्शनमध्ये निर्माते होते, तेव्हा शिकवायला लागणारे शब्द त्यांच्यापाशी तयारच होते: लो अँगल, हाय अँगल, आय लेव्हल. शिकणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांनी हे शब्द घेतले नाहीत. मान वर करून किंवा खाली वाकून पाहणाऱ्या कोनांना त्यांनी पटेल आणि गुलाम यांच्या नात्यातली नावे दिली. समोरासमोर, डोळ्यांच्या रेषेतून घेतलेल्या शॉटला त्या ‘संघम शॉट’ म्हणू लागल्या, कारण संघमच्या बैठकीत सगळ्याजणी जमिनीवर एका पातळीत बसतात.

तिथला पटेल म्हणजे आपला पाटील. निजामाच्या राज्यात मराठवाड्यानेही ती उतरंड भोगली आहे. त्यामुळे हे नाव ऐकताच मराठी माणसाच्या मानेला आपोआप कळते की कोण कुठे उभा आहे. चित्रपटाच्या पाठ्यपुस्तकात लो अँगलने पात्र ‘प्रभावी’ दिसते, असे लिहिलेले असते. का दिसते, हे पुस्तक सांगत नाही. जहीराबादच्या बायकांनी ते सांगितले: कारण खाली उभा राहून वर पाहणारा कुणीतरी असतो आणि पिढ्यान्‌पिढ्या तो कोण होता हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला वाटते, गेल्या तीस वर्षांत भारतात चित्रपटाच्या व्याकरणावर केलेले हे सर्वांत नेमके भाष्य आहे, आणि ते कुठल्याही चित्रपटविषयक मासिकात नव्हे, तर कामाच्या ओघात झाले. त्या बायकांनी २००३ साली वरंगळच्या शेतकऱ्यांवर आणि बीटी कापसावर जो माहितीपट केला, त्यात कॅमेरा शेतकऱ्यांच्या बरोबरीने, त्याच बांधावर, त्याच उंचीवर पुन्हा पुन्हा जातो. हंगामभर जातो. आकडे शहरातला तज्ज्ञ सांगत नाही, बी विकत घेतलेला माणूस सांगतो. तो माहितीपट पुढे अनेक भाषांत गेला. त्याच्या विषयावर वाद झाले, होऊ द्यावेत. त्याच्या उंचीबद्दल मात्र कुणी फारसे बोलले नाही.

इथे चेन्नईत एम. पळनी कुमार यांचे काम मला या रांगेतले वाटते. मदुराईच्या एका मासळी विकणाऱ्या बाईंचा हा मुलगा. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेवरच्या ‘कक्कूस’ (२०१७) या माहितीपटाचे छायाचित्रण त्यांनी केले, पुढे ‘परी’ या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळासाठी छायाचित्रकार झाले, आणि गेली काही वर्षे ते उत्तर चेन्नईतल्या वस्त्यांतल्या आणि किनाऱ्यावरच्या मुलांना कॅमेरा शिकवतात. शिकवणाराच आतला असला की ‘तुमची गोष्ट सांगा’ हे वाक्य म्हणावे लागत नाही. त्यांच्या स्वतःच्या छायाचित्रांत आई पुन्हा पुन्हा येते, पहाटे मासळी बाजारात निघालेली. ती कुठेही ‘कष्टकरी स्त्रीचे प्रतीक’ होत नाही. तिला घाई असते.

आता पुन्हा त्या स्पर्धेकडे जाते, कारण तिथली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. त्या पंचवीसांत चार मिनिटांचा एक लघुपट होता. कुणा मुलीने केलेला. आई शेळ्या घेऊन निघाली आहे आणि मुलगी मागून चालते आहे, फोन तिच्या कमरेच्या जरा वर. आईचा चेहरा जवळजवळ दिसतच नाही. पाठ, चपला, धूळ, मधूनच एखादी शेळी रस्ता सोडते आणि आई तोंडाने एक आवाज काढते. मध्ये एका ठिकाणी आई थांबते, मुलगीही थांबते, काही होत नाही, पुन्हा चालू. आम्ही आपसांत म्हटले, यात गोष्ट कुठे आहे? संकलन शिकवायला हवे होते. त्याला बक्षीस मिळाले नाही.

त्यानंतर बऱ्याच काळाने सोल वर्थ आणि जॉन ॲडेर यांचे ‘थ्रू नॅव्हाहो आइज’ हे १९७२ सालचे पुस्तक हाती आले. या दोघांनी १९६६च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या पाइन स्प्रिंग्ज या वस्तीवरच्या नॅव्हाहो तरुण-तरुणींना सोळा मिलिमीटरचे कॅमेरे दिले. यंत्र कसे चालते एवढेच शिकवले; काय टिपावे आणि गोष्ट कशी रचावी हे मुद्दाम शिकवले नाही. जे चित्रपट झाले त्यांत माणसे चालतच होती. सूझी बेनॅली या तरुणीने आपल्या आईच्या विणकामावर चित्रपट केला, तर प्रत्यक्ष विणणे त्यात थोडेच. बाकी सगळे मेंढ्या कातरणे, रंगासाठी मुळ्या आणि झाडपाला आणायला जाणे, परतणे, पुन्हा जाणे. संशोधकांना आधी ते रेंगाळणे वाटले. मग लक्षात आले, की त्यांच्या कथांमध्येही चालणे ही घटना असते, दोन घटनांमधला रिकामा भाग नव्हे. मी पुस्तक मिटले तेव्हा मला त्या शेळ्या आठवल्या. ज्याला आम्ही संकलनाचा अभाव म्हटले, ते कदाचित संकलनच होते.

याच पुस्तकात वस्तीवरच्या एका वयोवृद्ध वैदूचा प्रसंग आहे. चित्रपट करायला परवानगी मागायला हे दोघे त्याच्याकडे गेले. त्याने विचारले, याने मेंढ्यांचे काही नुकसान होईल का? नाही म्हणाले. मग मेंढ्यांचा काही फायदा होईल का? तेही नाही. मग कशाला करायचा, असे म्हाताऱ्याने विचारले. आमच्या कार्यशाळांच्या उद्‌घाटनाला अशा एखाद्या माणसाला बोलवायला हरकत नाही.

गोव्यातून चालणाऱ्या ‘व्हिडिओ व्हॉलंटियर्स’ने मेंढ्यांच्या प्रश्नाला सरळ उत्तर दिले आहे. २०१०पासून ‘इंडिया अनहर्ड’ या नावाने त्यांचे गावोगावचे वार्ताहर छोट्या चित्रफिती करतात आणि शेवटी प्रेक्षकाला सांगतात, या अधिकाऱ्याला या क्रमांकावर फोन करा. काम झाले तर त्याचीही चित्रफीत होते. बासरीच्या जागी दूरध्वनी क्रमांकाने संपणारा चित्रपट हा एक स्वतंत्र प्रकार आहे आणि त्याला त्याच्या कसोटीवर जोखायला हवे: क्रमांक लागला का? याची मर्यादाही उघड आहे. ज्याला संबंधित अधिकारी नाही, ते या चौकटीत येत नाही. सासूसुनेचे, वाटण्यांचे, नुसत्या कंटाळ्याचे काय करायचे? जब्याच्या शालूसाठी कुठला क्रमांक फिरवायचा?

फोन हातात घेतलेल्या बायकांवरचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे रिंटू थॉमस आणि सुष्मित घोष यांचा ‘रायटिंग विथ फायर’ (२०२१). बुंदेलखंडात चित्रकूटहून २००२ साली सुरू झालेले ‘खबर लहरिया’ हे वृत्तपत्र, ते चालवणाऱ्या मुख्यतः दलित बायका, आणि छापील पानावरून फोनकडे त्यांनी केलेला प्रवास असा त्याचा विषय. सनडान्सला दोन पुरस्कार, २०२२ साली ऑस्करचे नामांकन. चित्रपट मनापासून केलेला आहे. ज्यांनी फोन कधी हाताळला नाही त्या श्यामकलीला मीरा देवी तो शिकवतात, ते प्रसंग मी परत परत पाहिले आहेत. शिकवणाऱ्याने कसे बसावे याचा तो धडा आहे. खाणीवर पुरुषांच्या घोळक्यात उभी असलेली सुनीता आणि तिला पत्रकारिता शिकवू पाहणारे ते बाप्ये, तेही विसरता येत नाही.

तरी मला चुटपुट लागते ती अशी, की चित्रपट त्यांच्याकडे पाहतो, त्यांच्या फोनमधून पाहत नाही. त्या बायकांनी टिपलेले चित्रण तुकड्यातुकड्यांनी येते, शेजारी दर्शकसंख्या वाढत जाते आणि आपण पुढे जातो. त्यांचा एखादा वृत्तांत पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्यांनी जोडला तसा, आपल्याला सलग पाहायला मिळत नाही. त्यामुळे त्या धाडसी आहेत हे आपल्याला कळते; त्या चांगल्या आहेत का, कॅमेरा कुठे ठेवतात, कुणाला बोलू देतात, कुठे कापतात, हे कळत नाही. ऑस्करच्या सोहळ्याच्या काही दिवस आधी ‘खबर लहरिया’ने निवेदन काढले. चित्रपट प्रभावी आहे हे मान्य करून त्यांनी म्हटले, की आम्ही एकाच राजकीय पक्षाचे वार्तांकन करतो असे चित्र त्यातून उभे राहते आणि ते खरे नाही. काहींना हा कृतघ्नपणा वाटला. मला ती समीक्षा वाटते. ज्यांच्यावर चित्रपट आहे त्यांनीच चित्रपटाच्या रचनेवर आक्षेप घेतला, तोही नेमका: काय निवडले आणि त्यामुळे काय झाकले गेले. महिपतीचा चोखा आणि चोख्याचा चोखा, तीच फट.

मराठीत मात्र एक वेगळीच घडामोड कार्यशाळांना वळसा घालून झाली आणि तिची साहित्याच्या वर्तुळात पुरेशी दखल घेतली गेली नाही. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा मातीमोल झाला, आणि त्यानंतरच्या काही वर्षांत सातारा जिल्ह्यातून कोरी पाटी प्रॉडक्शनची ‘गावाकडच्या गोष्टी’ आणि बारामतीच्या परिसरातून ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ यांसारख्या मालिका यूट्यूबवर सुरू झाल्या. इथे कुणी कुणाला स्थानिक गोष्ट सांगायला शिकवले नाही. चित्रण कुठल्या कॅमेऱ्यावर झाले हा प्रश्नही गौण आहे, कारण इथे फोन हा कॅमेरा म्हणून नव्हे, थिएटर म्हणून महत्त्वाचा ठरला. मैलापुरातली कामधेनू आणि कपाली ही चित्रपटगृहे कधीच इतिहासजमा झाली; तालुक्याच्या गावांतली अनेक टॉकीजही गेली. गावकऱ्यांचे थिएटर आता मळ्यात, एसटीत, पारावर उघडते.

‘गावाकडच्या गोष्टी’ हे नाव मराठी वाचकाला व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५१च्या कथासंग्रहामुळे ओळखीचे आहे. नावापुरता नाही, खरा वारसाही आहे. माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार यांनी कथाकथनाचे कार्यक्रम गाजवले. बेरकी म्हातारा, भोळा गडी, पंचाईत, पारावरच्या फुशारक्या हे सारे त्या कथांतून आले. पण त्या कार्यक्रमांतले श्रोते पुष्कळदा शहरातल्या सभागृहात खुर्चीवर बसलेले असत. गाव हे त्यांनी सोडून आलेले किंवा कधीच न पाहिलेले. त्यामुळे विनोदात एक समजावून सांगणे असे. निवेदक प्रमाण मराठीत उभा राही आणि पात्रे बोलीत बोलत. यूट्यूबवरच्या मालिकांत तो निवेदक गेला. संत्या, सुरकी, रामभाऊ, बाळासाहेब सुरुवातीपासून आपल्याच सुरात बोलतात, शब्द कळला नाही तर तुमचे तुम्ही बघा. हसणारा आणि ज्याला हसायचे तो एकाच पारावर बसले आहेत. माझ्या मते मराठी ग्रामीण विनोदातला हा फार मोठा बदल आहे, आणि तो घडवणाऱ्यांना त्याचे श्रेय समीक्षेने अजून दिलेले नाही.

आणि श्रेय द्यायचे तर दोषही सांगायला हवा, नाहीतर ते पुन्हा कौतुकच होते. मी पाहिलेल्या भागांत कॅमेरा गावकूस क्वचित ओलांडतो. पार, मळा, वाडा, देऊळ, टपरी एवढ्यात गाव संपते. आडनावे कानावर येतात, जात बोलली जात नाही, आणि न बोलल्याने ती नसल्यासारखी होते. ‘फँड्री’तले घर या गावात कुठे असेल हे मी शोधत राहते. दुसरे असे, की शेवटी बोध यायलाच हवा अशी सवय लागली आहे: म्हाताऱ्या आईबापांना सांभाळा, बांध कोरू नका, व्यसन सोडा. पंचवीस मिनिटे माणसे इतकी जिवंत असतात आणि शेवटच्या तीन मिनिटांत ती फळ्यावरची सुविचाराची ओळ होतात. कार्यशाळेची बासरी इथे संवादाच्या रूपाने येते. मालेगावच्या नासिर शेख आणि मंडळींना ही सवय नव्हती, हे त्यांचे सुदैव. यंत्रमागांच्या त्या गावात त्यांनी ‘शोले’ आणि ‘सुपरमॅन’ आपल्या पद्धतीने पुन्हा केले. स्थानिक गोष्ट सांगायचा त्यांचा मुळी इरादाच नव्हता. फैझा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) या माहितीपटात ते काम चालू असताना दिसते. तंबाखूच्या नादी लावणाऱ्या खलनायकाशी लढणारा तो हडकुळा, यंत्रमागावर काम करणारा सुपरमॅन पाहताना मालेगाव जितके कळते तितके ‘आमचे मालेगाव’ अशा नावाच्या लघुपटातून कळले नसते. तो सुपरमॅन, शफीक शेख, पुढे कर्करोगाने गेला.

या सगळ्यात सर्वांत मोठी शाळा कोणती होती? टिकटॉक. ना शिक्षक, ना प्रमाणपत्र. धुळे जिल्ह्यातले एक मजुरी करणारे जोडपे शेतात, पालापाशी नाचले आणि लाखोंनी पाहिले. ऊसतोड कामगारांनी फडातून, ट्रकचालकांनी केबिनमधून चित्रफिती टाकल्या. फोन उभा धरलेला, कार्यशाळेत सांगतात त्याच्या बरोबर उलट, कारण माणूस उभा असतो. २९ जून २०२०ला केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, त्यात ते गेले. बंदीच्या योग्यायोग्यतेत मी जात नाही. पण एवढ्या माणसांनी आपल्या हाताने केलेले एवढे चित्रण एका आठवड्यात दिसेनासे झाले आणि कुठल्याही ग्रंथालयाने, विद्यापीठाने, संग्रहालयाने त्यातले शंभर नमुनेही आधी उतरवून ठेवले असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झाले तोवर बहुतेक मूकपट संपले होते. काही जळाले, काही फिल्ममधल्या चांदीसाठी वितळवले गेले. या चित्रफितींत चांदीही नव्हती. ज्या उरल्या त्या कुणी कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या, आणि फोनची मेमरी भरली की आधी त्याच पुसल्या जातात.

हा लेख लिहायला बसले तेव्हा तो शेळ्यांचा लघुपट पुन्हा पाहावा म्हणून स्पर्धेची जुनी लिंक उघडली. ती बंद झाली होती. आयोजकांना विचारले; त्यांच्याकडे फक्त विजेत्यांचे लघुपट ठेवलेले आहेत. माझ्या तेव्हाच्या टिपणवहीत त्याच्या क्रमांकापुढे एवढेच आहे: कथा नाही, १०पैकी ४.